लाभ

हरिपुरात, नदीच्या अंगाला,
एकशे अकरावं पेव मोजायला मी उतरले तेव्हा
दुपारचे सव्वातीन झाले होते
आणि शिपाई मुरग्याप्पा तळहातावर तंबाखू मळत होता.

आधी कंदील सोडायचा, हा नियम.
वात विझली तर खालची हवा मेलेली,
मग आपण वरच बसायचं गुमान.
माझी वात विझली नाही.
जराशी वाकली फक्त,
कुणी दार उघडल्यावर वाकते तशी.

बावीस फूट. वहीत लिहिलं.
शंभर वर्षांपूर्वीची हळद अजून मातीत होती,
नाकात बसली, शिंक आली.
दोर हलवला.
वर ओढणारे हात मुरग्याप्पाचे नव्हते.

वर रात्र.
पलित्याचा धूर, पिंडरीपर्यंत चिखल,
आणि नदी दिसत नव्हती पण
शेजारच्या खोलीत भांडण चालावं तशी ऐकू येत होती.

"कोण गं तू? विजार घालतीस?
सर्कशीतली हाईस व्हय?"
व्हय, म्हटलं. त्या घटकेला तेच सोपं होतं.
"मग उचल."

तिघं होती. बाळगोंडा, एका डोळ्यानं अधू.
इसाक नावाडी, मिसरूड न फुटलेला.
आणि सत्यव्वा, कासोटा खोचून
पेवात उतरणारी, पोती दोराला बांधणारी,
खालूनच मोजणारी:
लाभ, दोन, तीन.
एक का नाही म्हणत, मी विचारलं.
"एक म्हटलं की सुरुवातच एकटी पडती."

पोतं वर आलं की मी आणि इसाक धरायचो.
माझ्या हातांना टेप आणि मोबाईलची सवय;
चौथ्या पोत्याला तळवे सोलले.
बाळगोंडानं गाडी ओढ्याकाठी लावलेली, नदीपासून लांब,
शहाणपणानं.
मी ओरडले, तिथं नको!
संगमावर वारणा आडवी येते,
कृष्णेचं पाणी माघारी फिरतं,
आणि ओढ्यातून, पाठीमागून, आवाज न करता घरात शिरतं.
आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर रेघ आहे अजून.

"तुला कोण बोललं?"
पायरी, म्हटलं.
त्यानं चांगला डोळा माझ्यावर रोखला.
मग बैल वळवले.
थोड्या वेळानं गाडीच्या जुन्या जागी
एक खराटा तरंगत आला.

शेवटच्या पेवात तिनं कंदील सोडला, आणि
वातीची वाट न पाहता स्वतःही सुटली खाली.
घाई. पाण्याला कुठं नियम असतात.
चाळीस, ऐकू आलं. एकेचाळीस.
मग बराच वेळ काही नाही
आणि भोकातला उजेड गेला.

दोर तिच्या कमरेला होता, एवढंच नशीब.
आम्ही तिघांनी ओढलं.
ओठ निळे, केसांत हळद, डोळे मिटलेले.
इसाक रडायला लागला.
मी तिच्या छातीवर हात टेकून दाबत राहिले,
शाळेतल्या शिबिरात एका बाहुलीवर शिकले होते तसं,
आणि मोजताना तोंडातून आलं लाभ, दोन, तीन...

खोकली. पहिला शब्द:
"किती झाली?"
चव्वेचाळीस, बाळगोंडा खोटं बोलला.
तीन पोती खालीच होती.

"सकाळी मुनीम लिहिणार बाळगोंडाची चव्वेचाळीस,"
ती हसली, पुन्हा खोकली.
"तुझ्याकडं वही हाय न्हवं?"
मी लिहिलं.
तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं,
वाचता येत नव्हतं तरी, दोनदा.

तेवढ्यात आठवलं, टेप खाली राहिली.
सरकारी टेप, सही करून घेतलेली.
पहिल्या पेवाशी गेले, दोर धरला.
"सर्कस गावात आली की सांग," इसाक म्हणाला.

मुरग्याप्पानं वर ओढलं.
तंबाखू अजून मळून व्हायची होती.

संध्याकाळी साहेबांनी वही उघडली.
एकशे अकरा, बावीस फूट. ठीक.
खालच्या ओळीवर चष्मा सरकवला.
"सत्यव्वा, चव्वेचाळीस. हे कुठलं पेव?
इतकं खोल नसतं हरिपुरात."

असतं, मी म्हणाले.