चार बाय तीन

भाऊंचा वाढदिवस आला की माझं मशीन तीन रात्री झोपत नाही.
वीस बाय दहा. वर भाऊ, हात जोडलेले,
मागं ढगातून फुटणारी किरणं. ती मीच टाकतो, दरसाल तीच.
खाली शुभेच्छुक, पासपोर्ट साईजची रांग:
मटकेवाला झांबरे, गारवा लॉजचा शंकरशेठ,
आणि मुरकुटे, ज्याची जीप कायम ठाण्याच्या आवारात.
प्रभाग अकराचा सगळा हिशेब
मला त्या खालच्या रांगेतून कळतो.
मागच्या साली मुरकुटे सातवा होता. यंदा डावीकडून तिसरा.

उतरलेले फ्लेक्स वाया जात नाहीत.
जालन्यात लोखंडी पुलाखाली पत्र्याची गल्ली,
तिथं एका खोलीच्या चार करतात
मधे भाऊ बांधून.
शंकरशेठच्या बोर्डाचं माप घ्यायला गेलो होतो एकदा.
बल्बच्या उजेडात चारी बाजूंनी भाऊ,
एका ठिकाणी छातीत खिळा, खिळ्याला परकर.
आत सळईच्या ट्रकचा कुणी ड्रायव्हर खोकला
तसं भाऊंचं पोट हललं.

मला हसू आलं होतं. खोटं कशाला सांगू.

परवा तिथल्या दोघी दुकानात आल्या.
जुनेद म्हणाला, मालक जेवायला गेलेत.
मी समोरच बसलो होतो.
थोरली, फुलाबाई, म्हणाली, 'श्रद्धांजलीचं करायचंय.
लहान चालंल. चार बाय तीन.'

नाव?
दोघींनी एकमेकींकडं बघितलं.
लॉजच्या वहीत पिंकी.
मतदार यादीत सुनीता,
'ते भाऊंच्या माणसानं घातलं,
आमी बावीस जणी एकाच घर नंबरावर.'
आणि किनवटच्या पल्याड, गावाकडं, जंगू.
'जंगू टाका,' धाकटी म्हणाली. 'बाई लावा फुडं. जंगूबाई.'

कशानं गेली, मी विचारलं नाही.
'कावीळ लिवली डॉक्टरनं,' फुलाबाई आपणहून बोलली,
आणि 'लिवली' हा शब्द
टेबलावर तसाच ठेवून गप्प बसली.

फोटो त्यांच्याकडं नव्हता.
माझ्याकडं होता.
राखीपौर्णिमा, पाचशे बहिणींचा एकच भाऊ,
पाचशे साड्या, एकच रंग.
त्या ढिगातून दोघींनी तिला कानावरून ओळखलं.
मान खाली, भाऊंच्या मनगटावर गाठ मारायली.

मी भाऊंना कापायला बसलो.
चेहरा गेला, जाकीट गेलं.
पुष्कराजची अंगठी कडेनं सुटता सुटेना.
तीही गेली शेवटी.
पण जंगूबाईची बोटं तशीच राहिली,
चिमटीत दोरा,
हवेला गाठ मारणारी.
'असू द्या,' फुलाबाई म्हणाली,
'कायतरी शिवायली, असं दिसतंय.'

एकशे चव्वेचाळीस झाले.
तिनं दहाच्या पंधरा नोटा मोजल्या, वरचे सहा परत घेतले नाहीत.
'रिंगा दोन जास्तीच्या मारा. फाटू नये.'

पाचला गल्लीच्या तोंडाशी लागला.
साडेसातला महापालिकेची गाडी. विनापरवाना.
फाटला नाही, सोडून नेला.
त्याच खांबावर, वरच्या अंगाला,
मागच्या सालचे भाऊ उन्हानं निळे पडलेत.
तिथवर शिडी पुरत नाही म्हणे.

जुनेद घरी गेल्यावर मी फाईल उघडली.
हे कुणाला सांगितलं नाही अजून:
भाऊंचा हात मी पुसला नव्हता.
त्याची लेअर नुसती बंद केली होती.
कडेला एक बारका डोळा असतो,
त्यावर टिचकी मारली की हात परत येतो
अंगठीसकट,
आणि तिची गाठ पक्की बसते.

वाढदिवस पंधरा दिवसांवर आलाय.
तो फोटो मागतील.