दहाचा पाना

निफाडला म्हणे आज पाच अंश.
इथं सिडकोत, सहाव्या स्कीममध्ये,
बॉनेटवरचं दव जुन्या बनियनने पुसतो
आणि तिचं तोंड उघडून दांडी लावतो.
टॅपेट इंजिन गार असतानाच लावायचे,
असं पुस्तकात आहे.
माझ्या गुडघ्यांबद्दल पुस्तकात काही नाही.

सत्त्याण्णवची आठशे. पांढरी होती, आता सायीच्या रंगाची.
मीटरला आकडे पाचच. दोनदा शून्यावर आलेत,
पहिल्यांदा आधीच्या मालकाकडं,
दुसऱ्यांदा आमच्यासमोर, घोटीच्या टोलनाक्याआधी.
मी गाडी हळू केली, दोघं मीटरकडे बघत होतो,
नऊ नऊ नऊ नऊ नऊ,
आणि मागून ट्रकवाल्यानं असा हॉर्न दिला
की शून्य व्हायचं बघायचंच राहिलं.

खैरनार गॅलरीतून विचारतात, हातात चहा:
"काढून का नाही टाकत? भंगारात पंधरा हजार सहज येतील."
मी म्हणतो, बघू.
सोळा वर्षं ही गाडी या 'बघू'वर चाललीय.

फिलर गेजची पत्ती रॉकरखाली सरकवायची.
मोकळी फिरायला नको, अडायलाही नको.
थंडीत तुपाच्या बरणीतून चमचा ओढावा,
तेवढाच विरोध.
सातपूरला चौतीस वर्षं लेथवर उभं राहून
बोटांना एवढं कळतं.
पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलताना मात्र
कधी फार ढिलं पडतं, कधी आवळलं जातं.

तिसऱ्या सिलिंडरला हात घसरला.
टण्ण, टण्ण,
आणि मग आवाजच नाही.
खाली फरशीवर नाही. म्हणजे आत.
बारा नंबर हरवत नाही, चौदा हरवत नाही.
हरवतो तो दहाचा.

मंदाकिनी शाल गुंडाळून टॉर्च घेऊन आली.
"साखरपुडा अकराला आहे. लासलगावला."
एवढंच म्हणाली, आणि टॉर्च धरून उभी राहिली.
जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून
गिअरबॉक्सच्या कडेनं सोडला,
विहिरीत पडलेल्या बादलीसाठी गळ सोडतात तसा.
काहीतरी चिकटलं.
"हळू हं. हळू."

वर आला तो पाना माझा नव्हता.

दहाचाच. अंगावर तेलमातीचं जाड कवच.
रॉकेलमध्ये बुडवून पुसला, तर दांडीवर
पंचानं ठोकलेली अक्षरं: ग. दो.
मी गाडी घेतली देवळालीच्या एका कॅप्टनकडून,
त्यानं एका शिक्षिकेकडून.
दोघांपैकी कुणी ग. दो. नाही.
कुठल्याशा गॅरेजात कुणी पोऱ्या
याच फटीत वाकून बघत राहिला असेल,
मिस्त्रीनं पान्याचे पैसे पगारातून कापले असतील.
आणि हा इकडं,
कसाऱ्याचा घाट, पोराचं सामान हॉस्टेलला,
सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला,
सगळीकडं आमच्याबरोबर, तिकीट न काढता.

माझा काही सापडला नाही.
साडेनऊ वाजले.
ग. दो.चा पाना नटवर बसवला. बसला.
एका हातानं स्क्रू धरून दुसऱ्यानं नट आवळला,
जसा त्यानंही कधी आवळला असेल.

चोक ओढून किल्ली मारली.
तीनदा खोकली, चौथ्यांदा लागली.
टकटक गेली होती. जवळजवळ.
मंदाकिनी जांभळ्या पैठणीत पुढं बसली,
मी नखांतलं काळं पुसत गिअर टाकला.
खैरनारांनी कप उंच केला.

द्वारकेकडं उड्डाणपुलावर चढताना
कुठंतरी आत, पायांच्या पुढं,
अगदी बारीक:
टण्ण.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
"तुमचा?" ती म्हणाली.
"असू दे," म्हणालो,
आणि तिसरा टाकला.