कारणाचा रकाना

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला
तेव्हा मी जागाच होतो. या खुर्चीतली झोप
उशाशी ठेवलेल्या तांब्यासारखी,
सकाळी उचलून बघावा तर तसाच भरलेला.

"सर, ओंकार पागनीस. सहा-पाचची दिल्ली.
मी आज उडू शकत नाही. थकलोय."
एवढंच.
मागे कुणाचं तरी तान्हं किरकिरत होतं.

इंदूर बेसचे सदतीस वैमानिक माझ्या नावाखाली.
कुणाची मेडिकल कधी संपते,
कुणाची दिवाळी सलग तीन वर्षं हैदराबादच्या हॉटेलात गेली,
कोण कुणाबरोबर कॉकपिटात बसायचं टाळतो
(आणि कारण म्हणून पाठदुखी सांगतो),
सगळं तोंडपाठ.
मी स्वतः आता उडत नाही. हृदयाच्या एका आलेखात
एक रेघ जिथे वर जायला हवी तिथे गेली नाही.
तेव्हापासून मी रेघा मारतो, दुसऱ्यांच्या नावांवर.

नवीन होतो तेव्हा असाच एक फोन आला होता.
कॅप्टन दिघावकर. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे.
मी विचारलं, "थकलोय म्हणजे नक्की काय होतंय?"
वाईट हेतू नव्हता. फॉर्मवर रकाना होता: कारण.
पलीकडे जरा शांतता,
मग ते म्हणाले, "काही नाही रे. येतो."

आले. उडवलं. वेळेत पोहोचले.
काहीही झालं नाही.
आणि पुढचं दीड वर्ष
इंदुरातून असा एकही फोन आला नाही.

गुरुग्रामने मला बोलावून ट्रॉफी दिली.
थकव्याच्या तक्रारी: शून्य.
काचेचं विमान, खाली माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
मी ते टेबलावर ठेवलं, येणाऱ्याला दिसेल असं.

निवृत्तीनंतर दिघावकर राजेंद्रनगरात भेटले,
शेवेच्या दुकानात, लवंगवाली पाव किलो तोलून घेताना.
माझ्याकडे न बघताच म्हणाले,
"त्या दिवशीचं, गुनाच्या वरचं एक मिनिट
माझ्याकडे नाहीये.
शेजारच्या पोराला कळलंही नाही."
मग दुकानदाराला म्हणाले, भिया, थोडी चव बघू दे.

ट्रॉफी आता खालच्या खणात आहे,
जुन्या रोस्टरांखाली, तोंड भिंतीकडे करून.

"झोप," मी ओंकारला म्हणालो. "फोन बंद करून झोप."
त्याला वाटलं मी अजून काही विचारेन.
तो थांबला. मीही थांबलो.
ते मूल तेवढं बोलत होतं.

मग स्टँडबायला फोन. तरन्नुम कुरेशी, खजराना.
पहिल्याच रिंगला, "हाँ भिया, गाड़ी भेजो,"
जणू गणवेश घालूनच बसली होती.
गाडी गेली. गाडी रस्ता चुकली. गाडी परत आली.

सहा वाजून सोळा मिनिटांनी
विमान बिजासन टेकडीच्या अंगाने वर चढलं,
देवळाच्या पायऱ्यांवर कुणीतरी मान वर केली असेल.
मी मान खालीच ठेवली.
गुरुग्रामचा मेल येऊन पडला होता:
अकरा मिनिटं का?

अकरा मिनिटांना कारण आहे, गाडीचं. ते लिहिलं.
दुसरा रकाना रिकामा सोडला.
सॉफ्टवेअर रिकामा रकाना घेत नाही,
म्हणून एक टिंब दिलं.

फळ्यावर या महिन्याचा तीन होता.
हाताने पुसून चार केला.
चार. खाली कुणी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होतं,
तो वास वर आला,
आणि हे गुरुग्रामला कळवता येणार नाही,
पण त्या चाराकडे बघत मी बराच वेळ
उभा राहिलो, हाताला शाई तशीच.