दुसरा ब्रेक

डावीकडच्या सीटसमोर, माझ्या पायाखाली
एक जास्तीचा ब्रेक आहे.
मानेवाडा रोडवर आमचं ट्रेनिंग स्कूल, एकच गाडी,
अकरा वर्षांत त्या ब्रेकचं रबर
माझ्याच चपलेनं झिजवलंय.

उमरेडकर काका बँकेतून रिटायर झाले नि शिकायला आले.
दुसऱ्या गिअरच्या पुढे जग आहे
हे त्यांना मान्य नाही, रिंग रोडवरही नाही.
मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न.
काका, इथं थोडं सगळ्यांसोबत जावं लागते.
"मले नाही जाचं," म्हणतात, आणि दुपट्ट्यानं मान पुसतात.

प्राची झाडे, वय एकोणीस, तिचं उलटं.
घाबरली की ॲक्सिलरेटर दाबते.

मे महिना, दुपारचे दोन.
सिमेंटचा रस्ता तापून पांढरा पडलेला,
पुढे पाणी साचल्यासारखी चकाकी.
"मॅडम, पाणी."
पाणी कुठलं. पण त्या चकाकीतूनच
डोक्याला दुपट्टा बांधलेली एक बाई
सायकल ढकलत बाहेर आली,
आत्ताच कोणी तिला तिथं आणून ठेवावं तशी.
ब्रेक मी दाबला.
पाटीवर पन्नास होते, आम्ही पंचेचाळीसवर.
"मी तर कमीच होती ना," प्राची रडत म्हणाली.
होतीस.
पाटी लावणारा सकाळच्या उन्हात आला असेल.

जूनपासून ती आलीच नाही.

काटोल रोडवर एकदा संत्र्यांचं पोतं फुटलं होतं.
चाकांखाली सालं, बिया, रस,
वास असा की काच खाली करावीशी वाटावी,
आणि आमची गाडी चाळीसच्या वेगात
आडवी होऊन डिव्हायडरपाशी थांबली.
स्टिअरिंगवर तेव्हा कोण होतं ते सांगत नाही.
मीच होते.

डिसेंबरात कन्हानच्या पुलावर धुकं.
किती दिसते?
"बोनेट, अन् त्याच्यापुढं इतकंसं."
मंग तितकीच चालव.
समोर एक लाल दिवा पेटला, विझला,
दिवा होता की विडी, अजून कळलं नाही मला.

घरी भाच्याच्या नव्या गाडीत बसले
की माझा पाय नुसती चटई दाबत राहतो.
"मावशी, रस्ता खाली आहे बाप्पा."
रात्रीचे साडेअकरा, वर्धा रोड.
मी पाट्या वाचत जाते, मोठ्यानं,
पहिलीतलं पोर बाराखडी वाचतं तशी.
तो गाणं मोठं करतो.

राखीनंतर प्राची परत आली, दारातच उभी.
"फी बाकी आहे का काही?"
फी नाही. चौदा दिवस बाकी आहेत तुझे.

तान्हा पोळ्याला मी सहसा सुट्टी देते.
त्या दिवशी दिली नाही.
सक्करदऱ्यातली गल्ली, दोन्हीकडे रांगोळ्या,
पोरं नटूनथटून लाकडी बैल ओढताहेत,
गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड.
प्राची दुसऱ्यात होती, मग पहिल्यात,
मी काही न बोलता.
एका बैलाचं चाक निखळलं
नि घरंगळत आमच्या समोर आलं,
त्याच्यामागे धोतर सावरत एक पोरगं,
सहा वर्षांचं असेल, रस्त्यात फतकल मारून बसलं.

गाडी थांबली.
माझा पाय अजून हवेत होता.

मागून एक बुलेटवाला पेटलेला.
प्राचीनं आरशात पाहिलं,
न्यूट्रलमध्ये टाकली,
आणि वाट पाहत राहिली.
पोरानं चाक बसवलं, पडलं, पुन्हा बसवलं,
करदोट्याचा दोरा तोडून बांधलं,
बैलाच्या पाठीवरची धूळ पुसली.
मग आम्ही त्याच्या मागे निघालो,
बैलाच्या चालीनं, अख्खी गल्ली.
काटा शून्यावरच, हलतोय की नाही असा.

कोपऱ्यावर तो वळला, थेट खिडकीशी आला,
हात पुढे केला, "बोजारा?"
प्राची पर्सकडे वळणार,
तेवढ्यात थांबली,
आधी हँडब्रेक ओढला,
आणि मग दहाची नोट शोधू लागली.