सहावा

तिसऱ्यांदा मान ताठली तेव्हा
सातेरी एकोणीस वर्षांचा होता.
भट्टी लावायचा दिवस, कौलं रचून झालेली,
आणि त्याच्या पोटरीवर जांभळे ठिपके,
ओल्या मातीत कुणी काडी टोचत गेल्यासारखे.

खानापूर ते बेळगाव आई एकच वाक्य म्हणत होती,
"सोडतो काय मी तुला?"

औषधानं वाचला. चौथ्या दिवशी चहा मागितला.
मुनवळ्ळी बाईंना तेवढ्यानं बरं वाटेना.
एकदा होतं. तीनदा कसं?

रक्त बर्फात घालून लांब पाठवलं.
बर्फ कशाला, तर त्यातलं काहीतरी
ऊब लागली की मरतं.
बाबा नळीकडे बघत राहिले.
आगीतून जे निभावतं
तेवढंच त्यांनी जन्मभर विकलंय.

कागद आला.
मेंढीच्या रक्तपेशी फुटायला हव्या होत्या सातेरीच्या रक्तरसात.
फुटल्या नाहीत. नळी गढूळच राहिली.

बाईंनी पाकिटामागे आकडे लिहिले:
एक, चार, दोन, तीन, मग पाच ते नऊ.
"चार आधी कसा?"
"नंबर पडले सापडतील तसे. कामाला लागतात आपल्या क्रमानं."
पहिला जंतूला हेरतो,
तिसरा त्याच्या अंगभर चिकटतो,
शेवटचे पाच मिळून त्याला भोक पाडतात,
गोल, काठ असलेलं. पाणी शिरतं, जंतू फुटतो.

मला कुंडी आठवली.
घागरीला भोक पडलं की घागर वाया,
कुंडीला आम्हीच पाडतो,
ओली असतानाच, बोटानं.

सातेरीत सहावा नाही.
पाचवा येऊन थांबतो.
सात, आठ, नऊ रक्तात नुसते फिरतात,
बाजार उठल्यावर राहिलेल्या हमालांसारखे.

"ह्या सगळ्यांना मिळून आमच्या कन्नडमध्ये पूरक म्हणतात,
मराठीत काय म्हणतात..." बाई अडल्या.
आई म्हणाली, "आमच्यात बी पूरकच की."

आता त्याला लस असते, ठरल्या वर्षांनी पुन्हा.
पाकिटात चिठ्ठी: ताप आला तर सकाळची वाट बघू नये.
माझंही रक्त तपासलं. माझा सहावा निम्मा.
निम्म्यावर भागतं म्हणे.

संध्याकाळी तो भट्टीतून कौलं काढून मोजतो,
चार, पाच, सात,
मुद्दाम, माझ्याकडे बघत.
बाबा मागून प्रत्येक कौल पेरानं वाजवतात
आणि गाळलेलं एक
परत मोजायला लावतात.