चेरीच्या हंगामातली साक्ष

तलका मागे पडलं तेव्हा पहाटेचे साडेचार.
रात्रपाळी उरकून मी घरी निघाले होते,
पायांत वॉर्डातलेच पांढरे बूट,
शेजारच्या सीटवर अर्धा खाल्लेला पाव.

पुढे एक ट्रक, चेरीने भरलेला.
डिसेंबरात इथले सगळेच ट्रक चेरीचे.
बंदरात जहाज खोळंबलेलं असतं,
आणि फळ काही कुणासाठी थांबत नाही.

टोलनाका गेला आणि तो उजवीकडे सरकू लागला,
झोपेत कूस बदलावी तसा, सावकाश.
टायराखाली कडेच्या गाठी घरघरल्या
की दचकून पुन्हा आपल्या जागी.
सात वेळा.
मोजत होते मी. सवयच आहे मोजायची,
नाडी, थेंब, श्वास.

वेग कमी केला मी. स्वतःपुरता.
म्हटलं, दमलेला माणूस,
हॉर्न दिला तर शिवी देईल.
म्हटलं, पुढच्या फाट्याला वळेलही.
अकरा मिनिटं मी अशी
शहाण्यासारखी
त्याच्या मागून चालत राहिले.

कडेला एक जुनी गाडी उभी होती. पंक्चर.
माणूस चाकापाशी बसलेला,
बाई वाकून त्याला उजेड दाखवत होती.

आवाज फार मोठा नव्हता.
लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना
कुणाचा तरी हात सुटावा,
एवढाच.

मग माझ्या हातांनी काम केलं,
मला न विचारता.
स्वेटर काढून मांडीवर दाबला, नाव विचारलं.
नोल्बेर्तो, म्हणाला. नोल्बेर्तो कातालान.
आणि मग, किंचित वैतागून, घरातल्या आवाजात:
"इस्मेनियाला सांगा ना,
टॉर्च जरा नीट धर."

टॉर्च गवतात पडला होता, पेटलेला.
नाल्यापलीकडच्या द्राक्षवेलीचं एकच पान
त्यात लख्ख दिसत होतं.
"सांगते," मी म्हटलं.

ट्रकवाला उतरून आला, एका पायात बूट नाही.
एलेओदोरो, कोवळा पोरगाच, हनुवटीवर दोन-चार केस.
"सेन्योरा, मी फक्त डोळे मिटले," म्हणाला,
"उघडणारच होतो."

सगळे मला चेरीबद्दल विचारतात.
रस्ता लाल झाला होता का वगैरे.
अंधारात चेरी काळी दिसते.
पायाखाली घसरायला होतं, एवढंच.
उजाडल्यावर एका पोलिसाने एक उचलली,
पँटला पुसली, खाल्ली,
बी तळहातावर घेऊन उभा राहिला,
कुठे टाकावी ते न सुचून.
मला त्याचा राग आला नाही.
रात्रभर त्यालाही कुणी काही दिलं नसणार.

त्यानेच जबाब घेतला.
"कधीपासून बघत होतात?"
"धडक झाली तेव्हापासून."
त्याने लिहून घेतलं. मी सही केली.
अक्षर माझं नेहमीसारखंच आलं, सुबक.

आता तिथे पत्र्याच्या छपराचं एक घर आहे,
कमरेएवढं. आत मेणबत्त्या,
इस्मेनियाचा शाळेतल्या मुलांबरोबरचा फोटो.
नोल्बेर्तो रविवारी येतो, कुबडी टेकून,
निळा रंग देतो, पुसतो, पुन्हा देतो.
जाणारे ट्रकवाले अशा घरांना हॉर्न वाजवतात,
आमच्याकडची रीत आहे ती,
मेलेल्यांना म्हणायचं, दिसलात.
माझा हात हॉर्नपर्यंत जातो.
तिथेच राहतो.

सलग तिसरी रात्रपाळी होती परवा.
घर जवळ आलं होतं, खिडकी उघडी, रेडिओ मोठा,
आणि तरी एकाएकी
टायराखाली गाठी घरघरल्या.

दचकून आरशात पाहिलं.
मागे दोन दिवे होते,
बेताने,
अंतर राखून.