चावी

आधी गोळी बदलू, मग बाळाचं बघू,
मिस्त्रीबाई म्हणाल्या. परळला, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे बाकावरच्या प्रत्येकीच्या पिशवीत एक वही असते
आणि वहीत तारखा: आली, नाही आली, जीभ चावली.
जुन्या गोळीने मला पंधरा वर्षं सांभाळलं,
तिच्याच जिवावर मी लग्नात उभी राहिले.
पण पोटातल्या जिवाशी तिचं जमत नाही म्हणे.
कण्याशी नाही, पुढे बुद्धीशीही नाही.
पागडीचा भाडेकरू काढावा तशी सोडली,
आठ महिने, पाव पाव करत.

भालचंद्र पालिकेचा चावीवाला.
पहाटे पावणेचारला ती लांब लोखंडी चावी घेऊन
भटवाडीची टेकडी चढतो,
झाकण उचलून मोजून अठ्ठावीस आटे फिरवतो
आणि वरच्या चाळींचे नळ खोकायला लागतात.

अकराव्या आठवड्यात मेडिकलमधला नवा पोरगा
चिठ्ठी उलटीसुलटी करत म्हणाला,
ताई, अशा दिवसांत या गोळ्या?
एवढंच.
मी डबी तांदळात पुरली. चार दिवस.
वाटलं, आपण काही सोडलं की त्याला काही मिळेल,
उपास धरावा तसं.

पाचव्या दिवशी गिरणीत,
माझ्या बाजरीचा नंबर लागायच्या आधी
डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या, आणि मग मी नव्हते.
परतले तेव्हा केसांत पीठ,
नाकाशी कुणाची तरी चप्पल,
साडी ओली. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही.
गिरणीवाला पट्टा थांबवून रडत होता.

सोनोग्राफीत ठोके होते. एकशे बावन्न.
मिस्त्रीबाई ओरडल्या नाहीत. विचारलं फक्त,
गोळीची भीती वाटते, मग पडायची का नाही वाटत?
याचं उत्तर मला आजही येत नाही.
पडायची सवय असते, कदाचित.

रात्री भालचंद्र खूप वेळ गप्प.
मग म्हणाला, व्हॉल्व्ह एकदम बंद केला ना,
तर पाणी मागे फिरून पाइपलाच धडक देतं.
सांधे सुटतात, कुठले कुठले.
आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

पाचव्यात, काळोख्या खोलीत एका मुलीने
ओठ बघितला, हृदयाचे चार कप्पे, एकेक मणका.
दिसतंय ते सगळं ठीक, म्हणाली.
‘दिसतंय ते’ या दोन शब्दांवर मी कूस बदलत राहिले,
आणि मला तर जागरण चालत नाही.

सहाव्यात रक्तातली लेव्हल उतरली.
गोळी तीच, वेळ तीच, तरी निम्मी.
मला वाटलं, हेच चोरून पितंय.
नाही, तुमचंच शरीर आता भराभर उपसतंय,
म्हणत बाईंनी डोस वाढवला.
सासूबाईंनी कपाळाला हात लावला.
आई, टेकडीवर खोल्या वाढल्या तर आटे वाढवावेच लागतात,
नाहीतर शेवटच्या घरात थेंब पोचत नाही.
ही काय पाइपलाइन आहे? त्या म्हणाल्या.
पण रात्री नऊला पाण्याचा तांब्या त्यांनीच आणून ठेवला,
आदळून.

मुलगी. दोन किलो सहाशे.
बाईंच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो: परिणाम.
बोटभर रुंद. त्यात त्यांनी लिहिलं, ठीक.
शाई वाळेपर्यंत मी बघत होते.
तिचं बोलणं, तिचं दुसरीतलं गणित,
ते कुठल्या रकान्यात?
तेव्हा घेऊन या, म्हणाल्या, मलाही बघायचंय.

आता डोस पुन्हा खाली येतोय, हळूहळू.
मी तिला जमिनीवर बसूनच पाजते, पाठ भिंतीला.
एकटीने आंघोळ घालत नाही.
रात्री दोनची पाळी भालचंद्रची:
वाटी, चमचा, काढून ठेवलेलं दूध.
मग पावणेचारला तो चावी उचलतो,
पाळण्याला लागू नये म्हणून
आडवी नाही, उभी धरून,
आणि दार पायाने ओढून घेतो.
मी अर्धवट झोपेत मोजत राहते.
सव्विसाव्या आट्याच्या आसपास
आमच्या मोरीतला नळ खोकतो.